दुर्गी आज आली नाही

"म... मा... बाई, फुडचं न्हाई येत," दुर्गी म्हणाली आणि फ्रॉकची कड तोंडात धरून फळ्याकडे बघत राहिली.

फ्रॉकची कड चावायची हे मी शिकवलं नव्हतं. ती भर तिची स्वतःची.

"येईल गं, घाई कुणाला आहे?" असं म्हणून मी खुर्च्यांकडे वळले. "संगी नाव हिचं. अकरावं चालू आहे, पण पाटी आज पहिल्यांदा हातात धरतेय. आईबाप दोघंही खडी क्रशरवर. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही पोरीनं."

निकम साहेबांनी चुकचुक केली. कारखानदार माणूस, अंगात पांढरी सफारी, आणि त्या सफारीला आमच्या वस्तीची दगडाची भुकटी लागू नये म्हणून आमचा वर्ग चालवणाऱ्या अण्णा मोहिऱ्यांनी खुर्चीवर स्वतःचा टॉवेल अंथरलेला. साहेबांच्या शेजारी सुती साडीतली एक बाई बसली होती. त्यांच्याच गाडीतून उतरली म्हणून मी तिला त्यांच्या नात्यातली समजले आणि नमस्कार करून विसरून गेले.

"वीस मिनिटं द्या साहेब," अण्णा म्हणाले. "आमच्या टिळेकर बाईंची पद्धत बघाच. वीस मिनिटांत ही पोर तुम्हाला अख्खं वाक्य वाचून दाखवेल."

"वीस मिनिटांत? काय सांगता!"

"घड्याळ लावा."

निकमांनी खरोखरच बाही सारून घड्याळ बघितलं. मासा गळाला लागला हे मला तेव्हाच कळलं.

आता सांगायला हरकत नाही. मी बहात्तर वर्षांची आहे, अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली, आणि निकमांचा कारखाना आता त्यांच्या मुलानं विकून टाकलाय. त्या पोरीचं नाव संगी नव्हतं, दुर्गा विटकर होतं. तो तिचा पहिला दिवस नव्हता, आमच्या वर्गातलं तिसरं वर्ष होतं. आणि वाचनाचं म्हणाल, तर ती वर्तमानपत्र अग्रलेखासकट वाचायची आणि वर मला विचारायची, "बाई, निषेध केला की फुडं काय हुतं?"

हा खेळ माझ्याच डोक्यातून निघालेला. आधी आम्ही पाहुण्यांना सरळ मुलं दाखवायचो. वडारवस्तीतली चाळीस पोरं क्रशरच्या बंद पडलेल्या वजनकाट्याच्या शेडमध्ये बसून खडाखड वाचायची, पाढे म्हणायची, आणि पाहुणे चहा पिऊन म्हणायचे, "अरे वा, हुशार आहेत की! मग आता आमची काय गरज?" एकानं तर, ही मुलं वस्तीतली नाहीतच, गावातून आणून बसवलीत, असं जाता जाता अण्णांना ऐकवलं. मला असा संताप आला! एकवीस वर्षं हायस्कूलमध्ये मराठी शिकवलेली बाई मी. नवरा गेल्यावर नोकरी सोडली आणि घरात बसून भिंती बघण्यापेक्षा बरं म्हणून या धुळीत येऊन बसले. म्हटलं, यांना शिकलेली मुलं नकोत, शिकताना बघायचीत. बघा मग पोटभर.

खूण ठरली चष्म्याची. चष्मा माझ्या नाकावर असेपर्यंत दुर्गीला काही येत नाही. काढून दोरीवर छातीशी सोडला की हळूहळू यायला लागतं. पदरानं काचा पुसायला घेतल्या की सरळ वाचायचं. दुर्गीला हे एकदाच सांगावं लागलं. तिला त्यात खोटं असं काही वाटलंच नाही. पाहुणे आले की सगळ्याच शाळांत असं करतात, अशी तिची समजूत होती आणि ती मी मोडली नाही. संगी हे नाव अण्णांनी सुचवलं, कारण आदल्या वर्षीच्या अहवालात दुर्गा विटकरचं कौतुक छापून गेलं होतं. पाच वेळा हा खेळ झाला. पाचही वेळा पाहुण्यांचे डोळे पाणावले, आणि आम्हाला बाकं मिळाली, फळा मिळाला, पोरांना दप्तरं मिळाली.

या खेपेला खोल्या हव्या होत्या. क्रशरच्या मालकानं जूनपर्यंत शेड मोकळी करायला सांगितलं होतं. निकमांनी वस्तीच्या कडेला दोन खोल्या बांधून दिल्या तर वर्ग राहणार, नाहीतर चाळीस पोरं पुन्हा खडी वेचायला.

त्याच महिन्यात दुसरी एक गोष्ट चालली होती, आणि ती मात्र शंभर टक्के खरी होती. डोंगरावरची एक निवासी शाळा दर वर्षी आमच्यासारख्या वस्त्यांमधून दोन मुलं पाचवीत घ्यायची. राहणं, जेवण, पुस्तकं, दहावीपर्यंत सगळं त्यांचं. अटी दोनच. लिहिता-वाचता यायला हवं आणि बारावं लागलेलं नको. दुर्गीला जुलैत बारावं लागणार होतं. मी तिच्यासाठी दोन पानी पत्र लिहिलं. इतकी स्तुती मी आयुष्यात कुणाची केली नाही, नवऱ्याची तर नाहीच. उत्तर आलं, शाळेच्या कर्णिक मॅडम सोमवारी परीक्षा घ्यायला येतील.

दुर्गीचा बाप यल्लाप्पा पत्र ऐकून म्हणाला होता, "जमलं तर जाऊ द्या बाई, माजं काय बी म्हननं न्हाई. पन न्हाई जमलं तर मंगळवारपास्नं ती आईसंगं घमेलं उचलंल. आन् दोन ठिकानची मानसं इचारून गेल्यात. किती दिस थांबवू त्यास्नी?" वाईट माणूस नव्हता तो. दारू पीत नव्हता, पोरीवर हात टाकत नव्हता. वस्तीत मुलीला बारावं लागलं की जे करतात ते तोही करणार होता.

आणि दुर्गीचं तर शाळा शाळा चालूच होतं. "बाई, थितं परत्येकाला येगळी खाट असती?"

"असते."

"आन् पेटी?"

"पेटीसुद्धा. कुलूपवाली."

"मग किल्ली कुनाकडं?"

"तुझ्याकडं."

"माज्याकडं किल्ली!" असं म्हणून ती इतकी हसली की मलाही हसू आलं. त्यांच्या कापडी पालाला तर दारच नव्हतं.

तर तो शनिवार. आठ-दहा मिनिटं झाली होती. मी मुलांना टाळ्यांवर बाराखडी म्हणायला लावलं होतं. तो खेळाचा भागच होता, त्यात पाहुणे रंगून जायचे. अण्णा निकमांना शेडच्या तोंडाशी नेऊन हातवारे करून जागा दाखवत होते. दुर्गी पाटी छातीशी धरून माझ्याकडे बघत उभी होती. तेवढ्यात ती सुती साडीतली बाई उठली आणि फळ्याजवळ माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"टिळेकर बाई," ती हळूच म्हणाली, "मी कर्णिक. शाळेकडून आलेय."

मला आधी नीट समजलंच नाही. "सोमवारी ना?" मी म्हटलं.

"पत्रात सोमवार लिहिते. येते मात्र दोन दिवस आधी. ठरल्या दिवशी मुलं पढवून बसवलेली असतात हो, त्यातून काही कळत नाही." त्या हसल्या. चांगल्या बाई होत्या, हे सांगायला हवं. "निकम साहेब इकडे येणार असं कळलं, म्हटलं त्यांच्याच गाडीतून यावं. कुणाला सांगू नका, असं मीच म्हणाले होते त्यांना. तुमचं पत्र वाचल्यापासून त्या मुलीला बघायची उत्सुकता आहे मला. दुर्गा विटकर. यातली कुठली?"

दुर्गी आमच्यापासून चार हातांवर होती. टाळ्या आणि क्रशर या दोन्हींच्या आवाजात तिला यातलं अक्षर ऐकू जात नव्हतं. तिचं लक्ष माझ्या चष्म्याकडे होतं.

"हीच," एवढंच म्हणायचं होतं. हीच दुर्गी, मॅडम, आणि मघापासून चाललंय ते सोंग आहे, आणि ते मी शिकवलंय. कर्णिक मॅडम रागावल्या असत्या, पण मला नक्की वाटतं, त्यांनी पोरीला घेतलं असतं. पण त्या ज्या गाडीतून आल्या होत्या त्याच गाडीतून परत जाणार होत्या, आणि वाटेत त्या निकमांशी बोलणार नाहीत असं थोडंच होतं! शेडच्या तोंडाशी अण्णा दोन्ही हात पसरून म्हणत होते, "पाया इथनं तिथपर्यंत, साहेब," आणि निकम मान डोलावत होते. आणि खोल्या बाजूला ठेवल्या तरी एक गोष्ट उरतेच, ती मी इतक्या वर्षांत कुणाजवळ बोलले नाही. त्या शिकलेल्या, नीटस बाईसमोर मला खोटारडी ठरायचं नव्हतं.

"दुर्गी आज आली नाही," मी म्हणाले. "मावशीकडे गेलीय. लग्न आहे तिथं."

"अरेरे! उद्या येईल?"

"मंगळवारशिवाय नाही येणार."

"मला उद्या कोल्हापूरला आमच्या कचेरीत पोचायचंय. सोमवारी संध्याकाळी यादी द्यायचीय." त्या खरोखरच हळहळल्या. मग त्यांची नजर दुर्गीवर गेली आणि तिथंच राहिली. "ही संगी ना? डोळे बघा हो हिचे. ही आज पहिल्यांदा फळा बघतेय असं वाटत नाही मला. जरा बघू का?"

त्यांनी पिशवीतून छापलेला एक कागद काढला आणि टाळ्या थांबवायची खूण केली. निकम आणि अण्णाही जवळ आले.

"बाळ, यातलं ओळखीचं काही दिसतंय का बघ," कर्णिक मॅडम खाली बसून तिला म्हणाल्या. "येईल तेवढंच वाच. चुकलं तरी चालेल."

दुर्गीनं कागद घेतला. तिचे डोळे ओळीओळीनं खाली उतरत शेवटापर्यंत गेले आणि परत वर आले. तिनं तो उतारा मनातल्या मनात वाचून संपवला होता. हे फक्त मला दिसलं, कारण तिला वाचायला मीच शिकवलं होतं. मग तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

चष्मा नाकावर होता. हात वर न्यायचा आणि तो काढायचा, एवढंच. पदरानं काचा पुसल्या असत्या तर तिनं तो उतारा निकमांचे कान तृप्त होतील असा वाचला असता. मी दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले.

"क...," दुर्गी म्हणाली. "क... आन् ह्यो... बाई, ह्याला काय म्हनायचं वो? ह्यो काठीवानी?"

"काना," कर्णिक मॅडम म्हणाल्या.

"काना," दुर्गी म्हणाली आणि बोट ठेवून पुढच्या अक्षरावर गेली. "ह्यो न्हाई ठावं." पुन्हा माझ्याकडे बघितलं. "ह्यो बी न्हाई."

इतकं चांगलं सोंग तिनं त्याआधी कधी वठवलं नव्हतं. नाकावर घाम आला होता तिच्या. पाहुणी अवघड आहे, बाईंची लाज राखली पाहिजे, एवढंच तिला कळत होतं. कर्णिक मॅडम बराच वेळ थांबल्या. त्यांनी बोटानं एक एक अक्षर दाखवलं, आणि दुर्गीनं एक एक अक्षर नाकारलं. मी शेजारी उभी राहून ते सगळं बघितलं.

"खरंच येत नाही हो," शेवटी त्या उठत म्हणाल्या. त्यांनी दुर्गीच्या डोक्यावरून हात फिरवला. "दोन वर्षांपूर्वी भेटायला हवी होतीस गं. आता अकराव्या वर्षी पाचवीत कशी बसवू तुला?" मग मला म्हणाल्या, "दुर्गाला सांगा, पुढच्या वर्षी नक्की... नाही, तिला बारावं लागेल, नाही का?"

"जुलैत," मी म्हणाले.

त्यांनी कागदाची घडी करून पिशवीत टाकली आणि त्या गाडीत जाऊन बसल्या. त्यांना बाकीचं बघायचं नव्हतं.

"बाई, सहा मिनिटं राहिली तुमची," निकम घड्याळ दाखवून म्हणाले.

मी चष्मा काढला. दुर्गीनं फळ्यावरचं 'मामा आला, आई हसली' आधी तोडत तोडत आणि मग सलग वाचलं. निकमांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, पोरीला जवळ घेऊन अण्णांच्या कॅमेऱ्यात फोटो काढून घेतला, आणि तिथल्या तिथं सांगितलं, "मोहिरे, दोन खोल्या माझ्याकडं लागल्या."

गाडी गेल्यावर दुर्गी उड्या मारत माझ्याकडे आली. "बाई, आज लई भारी केलं ना म्या? त्या बाईनं कागद दिला तवाच वळखलं म्या, ही काय सादीसुदी न्हाई."

"छान केलंस."

"सोमवारी मातर चष्म्याकडं बगनार न्हाई हां मी."

"नको बघूस."

"सोमवारी मला समदं येतंय," असं म्हणून ती पळाली.

परतताना अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली आणि मागं वळून न बघताच म्हणाले, "एका मुलासाठी चाळीस मुलं उघड्यावर आणायची का बाई? तुम्ही केलंत तेच बरोबर." कुणीतरी तसं म्हणावं अशी माझी इच्छा होतीच. रविवारचा अख्खा दिवस माझ्या हातात होता. कोल्हापूरच्या पत्त्यावर एक तार केली असती तरी चाललं असतं. नंतर पत्र लिहायला तर एक आंतरदेशीय पुरलं असतं. मी ते आणलंही होतं. कपाटात ठेवलं आणि त्यावर पुढं भाचीच्या बारशाचं बोलावणं लिहिलं.

सोमवारी मी वस्तीवर गेले ती, परीक्षा रद्द झाली असं सांगायचं ठरवून. शेडपाशी पोचले तर निम्मी वस्ती जमलेली. दुर्गीच्या आईनं, तायव्वानं, कामावर खाडा केला होता. दुर्गीच्या केसांना इतकं तेल चोपडलेलं की कपाळावर ओघळ आलेले. अंगात कुणाचा तरी निळा फ्रॉक, पायात कुणाच्या तरी मोठ्या चपला. बायकांनी तिला कुंकू लावलं होतं. यल्लाप्पा लांब क्रशरच्या कठड्याशी उभा राहून इकडं बघत होता.

"मॅडम कवा येनार बाई?" तायव्वानं विचारलं. "च्या ठिवलाय त्येंच्यासाटनं."

"मॅडम नाही येणार," मी म्हणाले. आणि पुढचं वाक्य जिभेवर आयतंच आलं. "पेपर माझ्याकडं देऊन ठेवलाय त्यांनी. मीच घेणार आहे."

कुठून सुचलं म्हणू? खोटं बोलायचा मला सराव झाला होता, इतकंच.

मग मी परीक्षा घेतली. पिशवीत पाचवीचं एक पुस्तक होतं, दुर्गीनं न बघितलेलं. त्यातला दीपगृहाच्या राखणदाराचा धडा तिच्यापुढं ठेवला. ती मांडी घालून बसली, फ्रॉक गुडघ्यांवर ओढून घेतला आणि वाचायला लागली. क्रशर जेवणासाठी थांबला होता, त्यामुळे तिचा आवाज शेडबाहेरच्या बायकांपर्यंत स्पष्ट जात होता. समुद्र, वादळ, दिव्याची वात, रात्रभर जागणारा म्हातारा. जिथं स्वल्पविराम तिथं ती थांबली, जिथं म्हातारा बोलतो तिथं आवाज जाड केला. एकदाही, एकाही शब्दाला तिची जीभ अडली नाही. तायव्वाला दीपगृह म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, तरी ती पदर तोंडाला लावून रडत होती.

दहा गणितं घातली, दहाही बरोबर. 'माझी शाळा' यावर पाच ओळी लिहायला सांगितल्या तर तिनं पाठपोट पान भरलं, आणि ते सगळं न बघितलेल्या शाळेबद्दल. पेपर मी घरी नेला. रात्रीचं जेवण बाजूला ठेवून लाल पेनानं तो तपासला, सवयीनं. एकही खूण करावी लागली नाही.

दहा दिवसांनी कर्णिक मॅडमचं पत्र आलं. दुसऱ्या वस्त्यांमधली दोन मुलं त्यांनी घेतली होती. "दुर्गाची भेट झाली नाही याची चुटपुट लागून राहिली," असं शेवटी लिहिलं होतं.

खोल्या झाल्या. निकमांनी नारळ फोडला, कोनशिलेवर त्यांच्या आईचं नाव लागलं. पुढं दोनाच्या चार झाल्या, चाराच्या आठ, आता तिथं रीतसर मान्यतेची सातवीपर्यंतची शाळा आहे. दोन ठिकाणी माझा सत्कार झाला. दोन्ही वेळा मी भाषणात म्हणाले की वंचितांच्या मुलांची बुद्धी कमी नसते, त्यांना फक्त कुणीतरी विश्वास ठेवणारं लागतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी त्या घेतल्या. पण हे सगळं नंतरचं. त्याआधी निकाल सांगायचा होता.

दुपारी तीनची वेळ. क्रशर चालू होता. दुर्गी खडीच्या ढिगाकडून घमेलं घेऊन येत होती. मंगळवारपासून म्हणाला होता तरी यल्लाप्पानं तिला दहा दिवस थांबवलं होतं. आज पहिल्यांदा कामाला लावलेली दिसत होती. मला बघून तिनं घमेलं खाली ठेवलं. भुवया, पापण्या सगळं पांढरं झालं होतं तिचं.

"बाई, आलं पत्र?"

"आलं." मी तिला क्रशरच्या आवाजापासून जरा लांब नेलं. "नाही झालं गं तुझं."

"न्हाई झालं?"

"नाही."

ती रडेल आणि मी तिला जवळ घेईन, असं मी मनाशी धरून गेले होते. ती रडली नाही. ओठ पुसून तिनं विचारलं, "कुटं चुकलं, बाई?"

हा प्रश्न मी वर्गात मुलांना शिकवला होता. पेपर हातात पडला की भोकाड पसरायचं नाही, कुठं चुकलं ते विचारायचं.

"गनितं चुकली?"

"नाही. गणितं बरोबर होती."

"मग लिवलेलं?"

"तेही बरं होतं."

"मग वं?"

तिला काहीतरी द्यायलाच हवं होतं. ती तशी हलणार नव्हती. आणि त्या शनिवारपासून माझ्या कानात एकच गोष्ट बसली होती, तीच तोंडातून बाहेर पडली. "वाचताना अडखळलीस तू," मी म्हणाले.

"न्हाई वो बाई! शनवारी आडखळले. ते तर तुमीच सांगितल्यालं. सोमवारी कुटं?"

"सोमवारीसुद्धा. दोन-तीनदा."

"कंच्या शब्दाला?"

"आता शब्द आठवत नाही मला. पण मी ऐकलं ना, दुर्गी. एकवीस वर्षं मुलांचं वाचन ऐकलंय मी. तुझं तुला कळलं नसेल."

ती नजर खाली लावून उभी राहिली आणि तिचे ओठ हलायला लागले. मला आधी वाटलं, आता रडतेय. मग ध्यानात आलं, ती तो धडा म्हणतेय. एकदाच वाचलेला, दहा दिवसांपूर्वीचा, पहिल्या ओळीपासून. समुद्र, वादळ, दिव्याची वात. आपण कुठं अडखळलो ते शोधत होती. मी थांबले. निघून जाण्याइतकी तरी लाज मला असायला हवी होती. ती मध्यावर आली, एका शब्दाशी थांबली, मागं गेली, पुन्हा त्याच शब्दाशी येऊन थांबली.

तायव्वानं ढिगावरून हाक मारली. दुर्गीनं चुंबळ डोक्यावर नीट बसवली आणि वाकून घमेलं उचललं. मी हात लावायला पुढं झाले तोवर ते तिच्या डोक्यावर गेलं होतं.

"आडखळले आसंल मग, बाई," ती म्हणाली. "मलाच कळलं नसंल."